घरची चिंता आणि मुलांचे ताट

तेरा ते अठरा वर्षांच्या मुलामुलींविषयी घरोघरी जी गाऱ्हाणी ऐकू येतात, त्यांत जेवणाचे गाऱ्हाणे बहुधा पहिले असते. कोणाचा मुलगा सकाळी काही न खाता शिकवणीस जातो आणि रात्री अकरा वाजता शेवेचा डबा रिकामा करतो. कोणाची मुलगी पानावर बसते खरी, परंतु अर्धी पोळी मोडून उठते. आईवडील याचे खापर मोबाईलवर, मित्रमंडळींवर किंवा बाजारच्या पदार्थांवर फोडतात. ही कारणे खोटी नाहीत. आपल्या इंदुरात तर दिवसा सोन्याचांदीचा व्यवहार करणारा सराफा रात्री खाद्यपदार्थांचा बाजार होतो, आणि उशिरापर्यंत तेथे गरम काहीतरी मिळतेच. तथापि सराफा सर्वांसाठी सारखाच उघडा असताना एकाच गल्लीतील दोन घरांतील मुलांच्या सवयी इतक्या निराळ्या का होतात, हा प्रश्न उरतोच. त्याच्या उत्तराचा एक भाग घरातच सापडतो, आणि तो म्हणजे आईवडिलांच्या मनावरील ताण. प्रस्तुत लेखात त्याचाच विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. कोणासही दोष देण्याचा आमचा हेतू नाही. आजचे आईवडील हौसेने चिंता करीत नाहीत. घराच्या कर्जाचा हप्ता, शिकवणीची फी, नोकरीतील अनिश्चितता, वृद्ध सासूसासऱ्यांचे आजारपण ही ओझी खरी आहेत. ती आहेत म्हणूनच ती मुलांच्या ताटापर्यंत कोणत्या वाटेने जातात हे समजून घेणे अवश्य आहे.

१. या वयातील अन्नाचे महत्त्व

जन्मानंतरच्या पहिल्या वर्षाखालोखाल शरीर झपाट्याने वाढते ते याच वयात. पुढे आयुष्यभर पुरावयाच्या हाडांच्या बळकटीचा फार मोठा भाग विसाव्या वर्षाच्या आतबाहेर पुरा होतो. मुलींच्या शरीरातून दरमहा रक्त जाऊ लागते व त्याबरोबर लोह जाते. मुलांचे स्नायू वाढतात व त्यांनाही लोह आणि प्रथिने अधिक लागतात. असे असता २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते १९ वर्षे वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के आणि मुलांपैकी ३१ टक्के रक्तक्षयाने पीडित आढळले. यांस कारणे पुष्कळ आहेत, आणि त्यांत दारिद्र्य हे मोठे आहे. परंतु जेथे धान्याचे डबे भरलेले आहेत अशा घरांतही हा विकार असतो, हे कोणत्याही डॉक्टरास विचारावे. घरात अन्न असणे आणि ते मुलाच्या अंगी लागणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

२. चिंता आणि जठर

मनाचा आणि पचनाचा संबंध आपल्या पूर्वजांस ठाऊक होता. चरकसंहितेच्या विमानस्थानात असा आशय आहे की, पथ्यकर अन्न योग्य प्रमाणात खाल्ले तरी चिंता, शोक, भय, क्रोध आणि जागरण यांच्यामुळे ते पचत नाही. आधुनिक शास्त्राने याच गोष्टीचा मागोवा दुसऱ्या बाजूने घेतला. १८९८ मध्ये अमेरिकेतील वॉल्टर कॅनन या संशोधकाने मांजरास विशिष्ट क्षार मिसळलेले अन्न देऊन, क्ष-किरणांच्या साहाय्याने त्याच्या जठराची हालचाल पाहिली. मांजर शांत असताना जठराच्या लाटा नियमित चालत. ते त्रस्त झाले की त्या थांबत, आणि पुन्हा शांत झाले की सुरू होत. पुढे या निरीक्षणांतूनच भय आणि क्रोध यांचा शरीरावरील परिणाम कॅनन यांनी विस्ताराने मांडला.

येथे वाचकांस एक शंका येईल. भीतीने जठर थांबत असेल तर चिंताग्रस्त मुले कमी खावयास हवीत. मग कित्येक मुले उलट अधिक का खातात? यास उत्तर असे की, अकस्मात आलेली भीती आणि दिवसेंदिवस चालणारी चिंता यांची शरीरातील कामे निराळी आहेत. क्षणिक भयात अ‍ॅड्रेनॅलिन नावाचे द्रव्य रक्तात येते आणि भूक मारते. दीर्घ चिंतेत कॉर्टिसोल नावाचे दुसरे द्रव्य वाढलेले राहते, आणि ते गोड व तेलकट पदार्थांची ओढ उत्पन्न करते. कॅलिफोर्निया विद्यापीठातील मेरी डॉलमन व त्यांचे सहकारी यांनी उंदरांवरील प्रयोगांच्या आधारे २००३ मध्ये असे मांडले की, असे पदार्थ खाल्ल्याने शरीरातील ताणाची यंत्रणा काही काळ खरोखरच शांत होते. म्हणजे रात्री शेवेचा डबा उघडणारा मुलगा केवळ जिभेचा लाड करीत नसतो. त्याचे शरीर त्यास ठाऊक असलेले औषध शोधीत असते. औषध चुकीचे आहे, पण दुखणे खरे आहे. काही मुलांत पहिला प्रकार प्रबळ असतो, काहींत दुसरा. त्यामुळे एकाच घरातील बहीण उपाशी राहते आणि भाऊ अति खातो, असेही घडते.

३. चिंता ताटापर्यंत पोहोचते कशी?

आम्हांस याच्या तीन वाटा दिसतात.

पहिली वाट वेळेची. थकलेल्या मनास स्वयंपाक हे ओझे वाटते. भाजी निवडणे, कोशिंबीर करणे ही कामे प्रथम गळतात. मग बाहेरून मागवणे सोपे होते. जो तो आपल्या सवडीने, आपल्या खोलीत, मोबाईल पाहत जेवतो. पोटात काय गेले हे कोणास कळत नाही, आणि मुलाचे पान किती दिवस अर्धे राहिले हेही कोणाच्या ध्यानी येत नाही.

दुसरी वाट अनुकरणाची. वडील सकाळी दोन कप चहावर घराबाहेर पडतात. मुलगाही तेच करतो. चहा जेवणाबरोबर घेतल्यास अन्नातील लोह नीट शोषले जात नाही, हे येथे लक्षात ठेवावे. आई सर्वांस वाढून झाल्यावर उरलेसुरले, ओट्याशी उभी राहून खाते, आणि काळजीच्या दिवसांत तेही टाळते. आपल्याकडे यास त्याग म्हणून गौरविण्याची रीत आहे. परंतु ते रोज पाहणारी मुलगी शब्दांवाचून एक धडा शिकते: मन ठिकाणावर नसेल तेव्हा स्त्रीने जेवू नये. पुढे तिच्यावर परीक्षेचा ताण येतो तेव्हा ती तोच धडा गिरवते. मग आई तिला जेवण्याचा उपदेश करते, तो तिच्या मनात उतरत नाही.

तिसरी वाट शब्दांची, आणि आमच्या मते ती सर्वांत महत्त्वाची. आईवडील एरवी दिवसभर घराबाहेर, मुले शिकवणीत. सर्वांची गाठ पडते ती रात्रीच्या पानावर. त्यामुळे साठलेले सर्व काही तेथेच बाहेर येते. चाचणीत किती गुण मिळाले, तुझ्या शिकवणीला किती पैसे मोजले, शेजारच्यांचा मुलगा किती पुढे गेला. हे बोलणे प्रेमातूनच येते. परंतु वर सांगितलेल्या मांजराप्रमाणे मुलाचे जठर प्रेम आणि भय यांचा हिशेब स्वतंत्रपणे करीत नाही. काही दिवसांनी त्यास ताट दिसले की उलटतपासणी आठवते. मग तो म्हणतो, “मला भूक नाही,” आणि सर्व निजल्यावर एकटा खातो.

याच वाटेवर आग्रह आणि टोमणा हे दोघे भेटतात. काळजीत असलेली आई आग्रहाने वाढते, कारण मुलाने खाल्ले की तिच्या मनास थोडे बरे वाटते. तेथे भूक मुलाची नसून समाधान आईचे असते. उलट एखादी काकू किंवा आत्या सहज म्हणून जाते, “किती जाड झालीस ग!” आणि मुलगी त्या दिवसापासून पोळ्या मोजू लागते.

४. पाहण्या काय सांगतात?

या विषयावर अमेरिकेत पुष्कळ अभ्यास झाला आहे. २०१२ मध्ये पेन्सिल्व्हेनियाच्या आग्नेय भागातील २११९ पालकांच्या मुलाखतींवर आधारलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांची मुले ३ ते १७ वर्षांची होती. घरातील तणावाची कारणे जितकी अधिक, तितके मुलांत स्थूलतेचे प्रमाण अधिक, असे त्यात आढळले. शिवाय पालकास स्वतःला जितका ताण जाणवत होता, तितके मुलांचे फास्ट फूड खाणे अधिक होते. मिनेसोटा येथील एका अभ्यासात (२०१३) वयात आलेल्या मुलांच्या घरांतील बोलणे तपासले गेले. जेथे आईवडील मुलाच्या वजनाविषयी बोलत, तेथील मुलांत उपाशी राहण्यासारखे घातक प्रकार अधिक दिसले. जेथे बोलणे केवळ अन्न आरोग्यकर आहे की नाही याविषयी होते, तेथील स्थूल मुलांतही ते कमी होते.

या पाहण्यांवरून दोन गोष्टी एकत्र आढळतात इतकेच सिद्ध होते. एकीमुळेच दुसरी घडली असे नाही. शिवाय तो समाज आपला नव्हे. तरीही आयोवा प्रांतातील एक अभ्यास आम्हांस विशेष मननीय वाटतो. १९८० नंतरच्या दशकात तेथील शेतकरी कुटुंबे कर्जात बुडाली. रँड काँगर, ग्लेन एल्डर आदी संशोधकांनी १९८९ पासून तेथील ४५१ कुटुंबांचा अभ्यास केला. त्यांचा विषय आहार नव्हता. आर्थिक ओढाताणीचा मुलांवर काय परिणाम होतो हे त्यांना पाहावयाचे होते. त्यांस असे दिसले की, पैशाची ओढाताण मुलांपर्यंत मुख्यतः आईवडिलांच्या वाटेने पोहोचते. प्रथम आईवडील खचतात, मग त्यांच्यात खटके उडतात, मग मुलांशी वागणे कठोर होते, आणि मग मुले बिघडतात.

यात मोठे आश्वासन आहे. कर्ज फेडणे एका रात्रीत होत नाही. पण कर्ज आणि मूल यांच्या मधली वाट अडविणे आजही आपल्या हाती आहे. आम्हांस या लेखात जे सांगावयाचे आहे ते एवढेच आहे. चिंता संपेपर्यंत थांबण्याचे कारण नाही. तिला मुलांच्या पानावर बसू न देणे पुरेसे आहे.

५. उपवासाच्या आडून

आपल्या घरांपुरता एक इशारा येथे देणे आम्ही कर्तव्य समजतो. अन्न नाकारणाऱ्या मुलीस इतरत्र कोणीतरी कारण विचारील. आपल्याकडे तिने “आज माझा उपवास आहे” म्हटले की विचारणे थांबते, उलट कौतुक होते. एकादशी, चतुर्थी, सोमवार, गुरुवार असे वार वाढत जातात, आणि साबुदाण्याची खिचडीही ती नको म्हणते. उपवासाविषयी आमच्या मनात आदरच आहे. परंतु भगवद्गीतेच्या सहाव्या अध्यायात अति खाणाऱ्यास जसा योग साधत नाही म्हटले आहे, तसाच तो अजिबात न खाणाऱ्यासही साधत नाही, असे सांगितले आहे. वाढत्या वयाच्या मुलीचे उपवास अकस्मात वाढले, तर आईने तिला एकांती, प्रेमाने विचारावे: “बाळ, हा उपवास देवासाठी आहे की आरशासाठी?” ही विचारपूस करताना चारचौघांत हसे होणार नाही याची काळजी घ्यावी.

६. काय करावे?

(अ) दिवसातून एकदा, ते न जमल्यास आठवड्यातून चार-पाच वेळा, सर्वांनी एकत्र बसावे. रात्र जमत नसेल तर सकाळचे पोहेही चालतील. पक्वान्नांची आवश्यकता नाही. मुगाची खिचडी आणि ताक, किंवा पिठले-भाकरी एवढे पुरे. थकलेल्या दिवशी साधे करावे, पण एकत्र खावे. मोबाईल सर्वांचेच दूर असावेत, वडिलांचा प्रथम.

(आ) पानावर तीन विषय काढू नयेत: गुण, पैसा आणि वजन. हे विषय महत्त्वाचे आहेत, म्हणूनच त्यांस वेगळी वेळ द्यावी. हिशेबाची वही पती-पत्नींनी रविवारी सकाळी, किंवा मुले अभ्यासास बसल्यावर, दुसऱ्या खोलीत उघडावी. चिंतेस स्वतःची जागा मिळाली की ती दुसऱ्याची जागा बळकावीत नाही.

(इ) अडचण मुलांपासून सर्वस्वी लपवू नये. या वयाच्या मुलांस दाराआडची कुजबुज बरोबर ऐकू येते, आणि न सांगितलेल्या गोष्टीची ती अधिक धास्ती घेतात. थोडक्यात, खरे आणि धीराने सांगावे: “बाबांच्या कामावर सध्या अडचण आहे. या वर्षी गावी जाता येणार नाही. तुझी फी भरली आहे. पुढचे आम्ही दोघे पाहत आहोत.” एवढ्याने मुलाच्या मनावरील भार उतरतो.

(ई) वाढणे आईवडिलांचे, किती खावयाचे हे मुलाचे. आग्रह एकदा करावा, दुसऱ्यांदा करू नये. बक्षीस म्हणून पिझ्झा आणि शिक्षा म्हणून दोडक्याची भाजी, असा व्यवहार करू नये. त्याने दोडका कायमचा शत्रू होतो.

(उ) रात्री अभ्यास करणाऱ्यास खरोखर भूक लागते. त्या वेळी डब्यास कुलूप लावण्यापेक्षा हाताशी काय ठेवावे याचा विचार करावा. फुटाणे, भाजलेले शेंगदाणे व गूळ, केळे, दूध, सकाळचे थालीपीठ हे समोर असले तर शेवेचा डबा आपोआप मागे पडतो.

(ऊ) आईने स्वतःचे पान सर्वांबरोबर घ्यावे. ज्याला जे हवे ते त्याने उठून घ्यावे. मुलीस उपदेश करण्यापेक्षा आईचे पोटभर जेवणे हा अधिक प्रभावी पाठ आहे. वडिलांनी पाने घेणे, भाजी चिरणे ही कामे अंगावर घेतल्यास घरातील ताण प्रत्यक्षच कमी होतो. आणि मुलग्यांसही ते पाहावयास मिळते.

उत्सवाच्या पंगतीत एक गोष्ट कित्येकांच्या पाहण्यात आली असेल. घरी अन्नास नावे ठेवणारा मुलगा तेथे चुलतभावंडांच्या ओळीत बसून वरणभात, भाजी, कोशिंबीर मुकाट्याने संपवितो. अन्न साधेच असते. परंतु तेथे त्याच्या पानाकडे कोणी डोळे लावून बसलेले नसते, आणि कोणी त्यास काही विचारीत नसते. घरातील जेवणात तेवढा मोकळेपणा आणता आला तर पुष्कळ साधले.

७. डॉक्टरांकडे केव्हा जावे?

घरगुती उपायांची मर्यादा ओळखली पाहिजे. वजन झपाट्याने घटणे, मुलीची मासिक पाळी तीन महिने बंद राहणे, वारंवार भोवळ येणे, जेवणानंतर लगेच न्हाणीघरात जाऊन उलटी करणे, खाण्याचे पदार्थ लपवून ठेवणे व एकांतात भरमसाट खाणे, सर्वांबरोबर जेवण्यास सतत नकार देणे, यांपैकी काही दिसल्यास ते वयाचे खूळ समजून वाट पाहू नये. हा आजार आहे, हट्ट नव्हे, आणि वेळीच उपचार मिळाल्यास तो बरा होतो. प्रथम आपल्या नेहमीच्या डॉक्टरांस दाखवावे व त्यांच्या सल्ल्याने मानसोपचारतज्ज्ञांकडे जावे. तसेच भारत सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेल्या ‘टेली-मानस’ सेवेचा १४४१६ हा दूरध्वनी क्रमांक विनामूल्य आहे व तो रात्रंदिवस चालतो. तो मुलांसाठी जसा आहे तसाच चिंतेने खचलेल्या आईवडिलांसाठीही आहे. त्यावर बोलण्यात कमीपणा मानू नये; ताप आल्यावर औषध घेण्यात आपण कमीपणा मानीत नाही.

घरात विचार करण्यासाठी प्रश्न

पुढील प्रश्न आईवडिलांनी प्रथम आपापसांत, आणि मग मुलांसमवेत वाचावेत. प्रत्येकाने उत्तर स्वतःविषयी द्यावे, दुसऱ्याविषयी देऊ नये.

१. गेल्या आठवड्यात आपण सर्व किती वेळा एकत्र जेवलो?

२. त्या वेळी कोणता विषय सर्वांत अधिक निघाला? तो कोणी काढला?

३. मी काळजीत असतो वा असते, तेव्हा माझ्या खाण्यात काय फरक पडतो? घरातील कोणाच्या खाण्यात तसाच फरक दिसतो?

४. घरातील कोणती अडचण मुलांस अर्धवट ठाऊक आहे? ती चार वाक्यांत त्यांस कशी सांगता येईल?

५. आजच्या रात्रीच्या पानावर कोणता एक विषय न काढण्याचे आपण सर्व मिळून ठरवितो?

पाचव्या प्रश्नाचे उत्तर ठरले म्हणजे बाकीचे बाजूस ठेवून आधी जेवावयास बसावे.